राजद्रोह्यांचा रस्ता: गिलरेच्या ‘प्रॉमिस्ड हॉरर्स ऑफ द फ्रेंच इन्व्हेजन’ या चित्राच्या पुनर्मुद्रणाचे परीक्षण

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे ‘प्रॉमिस्ड हॉरर्स ऑफ द फ्रेंच इन्व्हेजन’ (फ्रेंच आक्रमणाचे भाकीत केलेले भयंकर परिणाम) हे चित्र, ब्रिटनचे क्रांतिकारी फ्रान्सशी युद्ध चालू असताना, २० ऑक्टोबर १७९६ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. एका छोट्या कलाप्रकाशन संस्थेने त्याचे मूळ आकारातील पुनर्मुद्रण विक्रीस आणले आहे. जाड, किंचित पिवळसर छटेच्या कागदावर छापलेले चित्र, त्यासोबत व्यक्तींची ओळख करून देणारी चार पानी पुस्तिका आणि मजबूत पुठ्ठ्याची नळी असे या संचाचे स्वरूप आहे. छपाई उत्तम आहे, रंगांबाबत माझे मतभेद आहेत आणि पुस्तिका अपुरी आहे. तरीही अठराव्या शतकातील राजकीय व्यंगचित्रांबद्दल ज्याला मनापासून आस्था आहे त्याने ही प्रत घ्यावी, असे मी आरंभीच सांगतो, कारण या चित्रात वाचण्यासारखे इतके काही आहे की एखाद्या ग्रंथातील छोट्या छायाचित्रावरून त्याची कल्पना येणे शक्य नाही.

परीक्षणाचा माझा निकष एकच आहे. युद्धकाळात, शत्रू किनाऱ्यावर उतरेल या धास्तीच्या वातावरणात, विरोधी पक्षाच्या जहाल पुढाऱ्यांवर काढलेले व्यंगचित्र हा पुरावा असतो, आणि तो ओळ न् ओळ वाचता आला पाहिजे. भिंतीची शोभा वाढवणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून कागदाचा पोत किंवा नळीचा देखणेपणा यांपेक्षा मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: चित्रातील बारीक अक्षरे वाचता येतात का, कडा न कापता संपूर्ण चित्र दिले आहे का आणि सोबतचा मजकूर वाचकाला पूर्ण सत्य सांगतो का.

पहिल्या कसोटीवर ही प्रत निर्विवाद उतरते. मूळ ताम्रपटावरील चित्र सुमारे ३२ सेंटिमीटर उंच आणि ४३ सेंटिमीटर रुंद आहे आणि संस्थेने तोच आकार राखला आहे. गिलरेने तरुणपणी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली होती आणि नंतर रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिक्षण घेतले होते. त्यामुळे त्याच्या चित्रात अक्षर आणि आकृती यांना सारखेच वजन असते. पिशव्यांवरची नावे, उडणाऱ्या कागदांवरचे मथळे, ताटाखालची ओळ हे सारे चित्राच्या अर्थाचे भाग आहेत. चित्र लहान केले की आधी हीच अक्षरे पुसट होतात आणि मग उरते ती केवळ हाणामारीची गर्दी. या प्रतीत सर्वांत बारीक अक्षरेही नुसत्या डोळ्यांनी लागतात आणि भिंगाखाली पाहिले तरी रेषा ठिपक्यांत विरघळत नाही. आम्लाने कोरलेल्या ताम्रपटाच्या रेषेला एक तीक्ष्ण, किंचित थरथरती कड असते, ती येथे बऱ्याच अंशी टिकली आहे.

आता चित्राकडे वळू. दृश्य लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरचे आहे. रस्त्याच्या टोकाला सेंट जेम्स राजवाडा जळतो आहे आणि तेथून फ्रेंच सैन्य रांगेने पुढे येत आहे. डावीकडे व्हाइट्स हा सरकारपक्षाच्या लोकांचा क्लब आहे, उजवीकडे ब्रूक्स हा विरोधातील व्हिग पक्षाच्या लोकांचा क्लब. दोन्ही क्लब खरोखरच याच रस्त्यावर होते आणि आजही आहेत. व्हाइट्समध्ये सैनिक घुसले आहेत आणि आत कत्तल चालू आहे. ब्रूक्समध्ये मात्र सोहळा आहे. चित्राच्या मध्यभागी स्वातंत्र्याचा खांब उभा आहे, त्याच्या टोकाला क्रांतीची टोपी आहे, आणि त्या खांबाला पंतप्रधान विल्यम पिट उघड्या पाठीने बांधलेला आहे. त्याच्यावर फटके ओढणारा धिप्पाड, दाट भुवयांचा पुरुष म्हणजे विरोधी पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्स.

या एका प्रसंगावर गिलरेने सारी शक्ती लावली आहे. पिटची उंच, काटकुळी देहयष्टी आणि फॉक्सचे पसरलेले शरीर यांचा विरोध त्याने अनेक चित्रांत वापरला, पण येथे तो शारीरिक हिंसेच्या रूपात येतो. फॉक्सने पार्लमेंटमध्ये पिटवर जे शाब्दिक हल्ले वर्षानुवर्षे केले, त्यांना चित्रकाराने खरे फटके बनवले आहे. पाहणाऱ्याच्या मनावर एवढेच ठसवायचे आहे की आज हा मनुष्य भाषण करतो, उद्या फ्रेंच आले की तो हे करील. आरोपाला पुरावा लागत नाही, कारण चित्र भविष्यकाळात घडते. माझ्या मते हे या प्रकारच्या व्यंगचित्राचे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत धोकादायक तंत्र आहे. जे घडलेले नाही ते इतक्या तपशिलाने दाखवायचे की पाहणाऱ्याला ते आठवणीसारखे वाटावे.

उजव्या बाजूच्या सज्जात लॉर्ड लॅन्सडाउन या विरोधी उमरावाच्या हाताशी गिलोटिन आहे. तेथेच एका ताटात कापलेली मुंडकी मांडली आहेत आणि ती ‘सार्वजनिक हितासाठी’ मारली गेल्याची नोंद आहे. क्लबच्या पायऱ्यांवर नाटककार आणि खासदार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन सरकारी तिजोरीतील उरलेला पैसा आणि बँक ऑफ इंग्लंडमधून उचललेली रक्कम भरलेल्या पिशव्या घेऊन घाईने आत शिरतो आहे. शेरिडन कायम कर्जात बुडालेला असे हे सर्व लंडनला ठाऊक होते, म्हणून त्या काळच्या प्रेक्षकाला येथे खुलाशाची गरज नव्हती. आजच्या वाचकाला ती आहे, आणि पुस्तिकेने ती पुरवली आहे हे मी आनंदाने नोंदवतो.

सज्जातच टॉमस अर्स्किन हा व्हिग वकील दिसतो. त्याच्या हाती नवी कायदेसंहिता आहे आणि मॅग्ना कार्टा ही इंग्रजांच्या हक्कांची जुनी सनद पेटलेली आहे. मला हा चित्रातील सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो आणि त्याबद्दल पुस्तिकेत एक शब्दही नसावा याचे वाईट वाटते. दोनच वर्षांपूर्वी, १७९४ मध्ये, सरकारने टॉमस हार्डी, जॉन हॉर्न टुक आणि जॉन थेलवॉल या सुधारणावाद्यांवर देशद्रोहाचे खटले भरले होते. मताधिकाराचा विस्तार मागणाऱ्या माणसांना फासावर चढवण्याची ती तयारी होती. अर्स्किनने त्यांचा बचाव केला आणि इंग्रज ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे मॅग्ना कार्टापासून चालत आलेल्या ज्यूरीच्या हक्काचा त्या दशकातील सर्वांत मोठा विजय ज्या वकिलाने मिळवला, त्यालाच चित्रकाराने ती सनद जाळताना दाखवले. हे ठाऊक नसेल तर अर्स्किनची आकृती ही गर्दीतील आणखी एक आकृती राहते. ठाऊक असेल तर युद्धकाळातील भीती माणसाच्या प्रतिमेचे काय करू शकते ते तेथेच डोळ्यांसमोर उभे राहते.

बैलाचा प्रसंग तुलनेने सौम्य आणि चित्रदृष्ट्या फार सुंदर आहे. फॉक्सच्या गटातला बेडफर्डचा ड्यूक येथे बैल झाला आहे आणि त्याने फ्रेंच क्रांतीचा कट्टर विरोधक लेखक एडमंड बर्क याला शिंगांवरून हवेत भिरकावले आहे. बर्कचे कागद त्याच्यासोबत उडत आहेत. बेडफर्डने बर्कच्या सरकारी निवृत्तिवेतनावर लॉर्ड्सच्या सभागृहात टीका केली होती आणि बर्कने १७९६ च्या आरंभी एका जाहीर पत्रातून त्याचा खरपूस समाचार घेतला होता. चित्राच्या दुय्यम शीर्षकात राजाचा वध करणाऱ्यांशी तह करण्याचा जो उल्लेख आहे तोही बर्कच्याच लेखनातून आलेला आहे.

या दुय्यम शीर्षकातच चित्राची खरी गुंतागुंत दडली आहे. चित्र पाहून असे वाटते की फ्रान्सशी तह मागणारे सगळे ब्रूक्समध्ये बसले होते. प्रत्यक्षात त्याच ऑक्टोबरात पिटच्याच सरकारने लॉर्ड माम्झबरी या मुत्सद्द्याला तहाची बोलणी करण्यासाठी पॅरिसला पाठवले होते आणि बर्कचा संताप मुख्यतः या सरकारी प्रयत्नावर होता. त्याच महिन्यात पिटने आक्रमणाचा धोका पुढे करून साठ हजारांची पूरक मिलिशिया (नागरिकांतून उभारलेली संरक्षक फौज) उभारण्याचा प्रस्ताव पार्लमेंटपुढे ठेवला. एका हाताने वाटाघाटी आणि दुसऱ्या हाताने आक्रमणाचा इशारा असे सरकारचे धोरण होते आणि फॉक्सचा गट त्यातील दुसऱ्या गोष्टीकडे संशयाने पाहत होता. व्हिग पक्षाचाच पुढारी असलेल्या पोर्टलंडच्या ड्यूकने १७९४ मध्ये त्या पक्षाचे बहुसंख्य सभासद सरकारच्या बाजूला नेल्यानंतर फॉक्सपाशी कॉमन्समध्ये जेमतेम पन्नास-साठ माणसे उरली होती. इतक्या दुबळ्या गटाला राजधानी पेटवणाऱ्या सेनेचे यजमान म्हणून रंगवणे हे राजकीय मूल्यमापन नव्हते, ती भीतीची अतिशयोक्ती होती. पुस्तिकेत माम्झबरीचे नाव नाही. या विषयावर काम करणाऱ्या संस्थेकडून ही उणीव मला अक्षम्य वाटते.

मात्र भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १७९६ मध्ये, जनरल ओश याच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार फ्रेंच सैनिक घेऊन एक आरमार ब्रेस्टहून निघाले आणि आयर्लंडच्या बँट्री उपसागरापर्यंत पोहोचले. वादळामुळे त्यांना उतरता आले नाही. फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ सुमारे चौदाशे माणसांची एक तुकडी खरोखर उतरली आणि दोन-तीन दिवसांत शरण आली. त्या बातमीने लोक बँकांतून सोने काढू लागले आणि २६ फेब्रुवारीला बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवावे लागले. तेव्हा गिलरेने ज्या संकटाचे चित्र काढले ते संकट खरे होते. खोटी होती ती त्या संकटाच्या मागे उभी केलेली माणसे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो आणि या चित्राचे कोणतेही प्रामाणिक वाचन त्याच्यावरच उभे राहिले पाहिजे.

गिलरे सरकारचा भाडोत्री होता का, हा प्रश्न खरेदीदाराच्या मनात येणारच. जॉर्ज कॅनिंग या तरुण मंत्र्याला गिलरेच्या चित्रात आपण दिसावे अशी तीव्र इच्छा होती आणि त्यासाठी त्याने स्नीड या धर्मोपदेशक मित्रामार्फत प्रयत्न चालवले होते. अखेर तो याच चित्रात प्रथम दिसला, व्हाइट्ससमोरच्या दिव्याच्या खांबाला दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर लटकलेला. गिलरेला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन मिळू लागले ते १७९७ च्या अखेरीस, म्हणजे या चित्रानंतर. याचा अर्थ हे चित्र विकत घेतलेले मत नाही. गिलरेला जमावाची, क्रांतीच्या रक्तपाताची आणि फ्रान्सची जी भीती वाटत होती ती त्याने १७९२ आणि १७९३ मधील पॅरिसविषयीच्या भीषण चित्रांतही दाखवली होती. पण पैसे सुरू झाल्यानंतर पिटवरची त्याची टीका बोथट झाली, हेही तितकेच खरे आहे. पुस्तिका गिलरेला ‘देशभक्त कलावंत’ म्हणते आणि निवृत्तिवेतनाचा उल्लेख टाळते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या असत्या तर चित्रकाराचा मान काही कमी झाला नसता.

रंगांविषयी आता बोलतो. गिलरेची चित्रे ताम्रपटावरून काळ्या शाईत छापली जात आणि मग प्रकाशिका हॅना हम्फ्री हिच्या दुकानासाठी काम करणारे रंगारी एकेक प्रत हाताने रंगवत. त्यामुळे प्रत्येक प्रतीचे रंग थोडे वेगळे असत आणि साध्या प्रतीपेक्षा रंगीत प्रत महाग मिळे. संस्थेने एका रंगीत प्रतीवरून हे पुनर्मुद्रण केले आहे, ते योग्यच आहे, परंतु लाल आणि निळा हे रंग अनावश्यक भडक केले आहेत. पाण्याच्या रंगाचा पातळ थर रेषेवरून वाहून जातो तेव्हा खालची कोरलेली रेषा दिसत राहते. येथे फ्रेंच सैनिकांच्या कोटांवर आणि राजवाड्याच्या ज्वाळांवर रेषा जवळजवळ बुडाल्या आहेत. चित्राचा तोल त्यामुळे फटक्यांच्या प्रसंगाकडून आगीकडे सरकतो आणि नजर आधी पाठीमागे जाते. पुढच्या आवृत्तीत रंग निम्म्याने उतरवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याच संस्थेकडे या चित्राची रंगविरहित प्रतही मिळते आणि दोहोंतून एकच घ्यायची असेल तर मी ती निवडेन. रंग नसले की कोरणीचे कसब उघड होते. पिटच्या पाठीवरच्या सावलीसाठी वापरलेल्या आडव्या-उभ्या रेषा, धुरासाठी सोडलेल्या सैल वेटोळ्या, बर्कच्या चष्म्याभोवतीची सुईइतकी बारीक रेघ हे सारे साध्या प्रतीतच नीट पाहता येते.

कडांच्या बाबतीत संस्थेने घेतलेली काळजी विशेष कौतुकास्पद आहे. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आलेल्या प्रतीत खालचा शीर्षकाचा पट्टाच कापून टाकलेला होता, कारण प्रमाणित चौकटीत बसण्यासाठी त्यांनी चित्र आखूड केले होते. शीर्षकाविना हे चित्र अर्धे मुके होते. प्रस्तुत प्रतीत शीर्षक, प्रकाशनाची तारीख आणि हम्फ्रीबाईंच्या न्यू बाँड स्ट्रीटवरील दुकानाचा पत्ता हे सर्व शाबूत आहे. पुढच्याच वर्षी हे दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ क्रमांकाच्या घरात गेले, म्हणजे चित्रात ज्या रस्त्यावर फ्रेंच सैन्य चालून येते त्याच रस्त्यावर, आणि गिलरे त्या घरात राहत असे. तेथल्या खिडकीत टांगलेली चित्रे पाहायला वाटसरू थांबत. गिलरेने १८०८ मधील एका चित्रात ती खिडकी आणि तिच्यासमोरची गर्दी रेखाटली आहे. व्हाइट्स आणि ब्रूक्स येथील सभासद दाराबाहेर पडल्यावर स्वतःचीच विद्रूप रूपे काचेमागे पाहू शकत होते, ही कल्पना मनात ठेवून ही प्रत हाती घ्यावी.

जुन्या मूळ प्रतींच्या शोधात असलेल्यांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. हेन्री बोन या प्रकाशकाने १८५१ मध्ये गिलरेचे मूळ ताम्रपट वापरून मोठ्या ग्रंथात पुन्हा छपाई केली. त्या छपाईत कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रे आहेत आणि ती रंगविरहित आहेत. एखादा विक्रेता अशी सुटी पाने गिलरेच्या हयातीतील छपाई म्हणून विकू लागला तर कागद उलटून पाहावा. मागे दुसरे चित्र असेल तर ती बोनची आहे. ताम्रपट तोच असला तरी बहुतेकदा रेषा झिजलेल्या असतात आणि किमतीत मोठा फरक पडायला हवा. प्रस्तुत पुनर्मुद्रण असा कोणताही संभ्रम निर्माण करत नाही. कागदाच्या पाठीमागे ते आधुनिक पुनर्मुद्रण असल्याचे स्पष्ट छापलेले आहे आणि ताम्रपटाच्या दाबाची खोटी खूण उमटवण्याचा मोह संस्थेने टाळला आहे.

ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर गिलरेची अनेक चित्रे विनामूल्य पाहता येतात, मग पैसे का मोजावेत, असे कोणी विचारील. पडद्यावर चित्र मोठे करता येते, पण मोठे केले की एका वेळी एकच कोपरा दिसतो. या चित्राची रचना अशी आहे की डावीकडची कत्तल आणि उजवीकडचा उत्सव एकाच नजरेत आले पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये पिटची पाठ दिसली पाहिजे. ही तुलना कागदावरच साधते. अभ्यासासाठी मी दोन्ही वापरतो: अक्षरांची खातरजमा करण्यासाठी पडदा आणि चित्र समजून घेण्यासाठी कागद.

फॉक्सवर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून संस्थेने याच मालिकेत काढलेले ९ मार्च १७९७ चे ‘मायडस’ हे चित्र सोबत मागवावे, असे मी सुचवतो. त्यात बँकेवर दोन पाय रोवून उभा असलेला प्रचंड पिट दिसतो. त्याचे पोट सोन्याच्या नाण्यांनी भरलेले आहे आणि तोंडातून तो कागदी नोटा ओकतो आहे. निवृत्तिवेतन सुरू होण्यापूर्वीच्या त्या शेवटच्या महिन्यांत गिलरेने पंतप्रधानाला जराही दयामाया दाखवली नव्हती. त्या प्रतीची छपाई रंगांच्या दृष्टीने अधिक संयत आहे आणि तिच्या पुस्तिकेत सोन्याच्या देयकबंदीची पार्श्वभूमी व्यवस्थित दिलेली आहे.